नांगर : शेतातला आणि समुद्रातला

मराठीत ‘नांगर’ हा एकच शब्द आपण दोन अवजारांसाठी वापरतो. एक शेतकऱ्याचा, जमीन उलथणारा. दुसरा खलाशाचा, होडीला जागच्या जागी धरून ठेवणारा. पहिल्या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘लांगल’ असे सांगतात, तर दुसऱ्याचे नाते फारसीतील ‘लंगर’ या शब्दाशी जोडतात. मराठीत दोन्हींचे रूप एकच झाले. हा भाषेतील एक गमतीचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु १९३३ साली एका इंग्रज शास्त्रज्ञाने शिडाच्या होडीसाठी नव्या प्रकारचा नांगर तयार केला, तेव्हा त्याने आकार घेतला तो शेतातील नांगराच्या फाळाचाच! त्याची हकीकत पुढे येईलच.

आम्ही कोथरूडला राहतो. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री. तरीही समुद्राचा विचार आमच्या शेजारी सतत चालू असतो. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. तेथेच १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून लाटा आणि भरती-ओहोटी यांचा अभ्यास तेथे केला जातो. पाषाणच्या संस्थेत मोसमी वाऱ्यांवर संशोधन चालते. तेव्हा पुढील प्रश्न पुणेकर विद्यार्थ्यालाही परका वाटू नये : वादळात नांगर टाकून थांबलेली होडी नेमकी कशाच्या बळावर तग धरते?

‘नांगराच्या वजनावर’ हे उत्तर चटकन सुचते. ते चूक नाही, पण फार अपुरे आहे. ते अपुरे आहे हे माणसाला कसे कळत गेले, हाच नांगराचा इतिहास होय.

दगडाचे नांगर

सर्वांत जुने नांगर दगडाचे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारका, बेट द्वारका, सोमनाथ, विजयदुर्ग, मालवण अशा अनेक ठिकाणी पाण्याखाली आणि किनाऱ्यावर असे नांगर सापडले आहेत. काही नांगर म्हणजे केवळ दोर ओवण्यासाठी भोक पाडलेला दगड. काही त्रिकोणी, त्यांत वर दोराचे एक भोक आणि खाली दोन भोके. या खालच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकत. मध्ययुगात अरबी समुद्रातील व्यापारी जहाजे वापरत तो प्रकार आणखी वेगळा : लांबट, चौकोनी छेदाचा, एका टोकाकडे निमुळता होत जाणारा दगड आणि खालच्या बाजूला परस्परांशी काटकोनात दोन भोके. म्हणजे चार दिशांना चार लाकडी दात निघत.

या खुंट्या कशासाठी? येथे आर्किमिडीजचे तत्त्व आठवावे. काळ्या पाषाणाची घनता पाण्याच्या तिपटीच्या जवळपास असते. म्हणून पाण्यात बुडताच त्याचे सुमारे एक तृतीयांश वजन ‘नाहीसे’ होते. तळावर पडलेला गुळगुळीत दगड घर्षणाच्या जोरावर आपल्या उरलेल्या वजनाइतकीही ओढ सहसा थोपवू शकत नाही. नुसत्या वजनावर मोठे गलबत धरायचे तर गलबतावर मालाऐवजी दगडच भरावे लागतील. खुंटी मात्र चिखलात रुतते, आणि मग दगडाऐवजी चिखल होडीला धरतो. नांगराने तळाला पकडायचे, वजनाने फक्त खाली जायचे आणि आडवे पडायचे, ही कल्पना त्या अनामिक कारागिरांना सुचली होती.

पण तळ पकड देणारा हवा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांचा उल्लेख आहे, हे इतिहासाच्या शिक्षकांना ठाऊक असेल. त्याच ग्रंथात कच्छच्या आखाताबद्दल इशारा दिलेला आहे : तेथील तळ काही ठिकाणी खडकाळ आणि धारदार आहे, त्यावर घासून नांगराचे दोर तुटतात. भडोचजवळ भरतीचा लोंढा इतका जोरात येतो की परक्या जहाजांना वाट दाखवायला राजाच्या नोकरीतील स्थानिक कोळी पुढे येत, असेही तो लेखक सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदींत दोन धडे आहेत. नांगरापेक्षा तळ महत्त्वाचा, आणि तळाची माहिती त्या किनाऱ्यावरच्या माणसाला असते.

कोकणच्या खाड्या

नकाशा समोर ठेवून कोकण किनारा पाहावा. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटन अशा नद्या समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी खाड्या तयार होतात. खाडीच्या मुखाशी बहुधा एखादा डोंगराचा सुळका समुद्रात घुसलेला असतो. त्याच्या आडोशाला लाटांचा जोर मोडतो, आणि नदीने आणून टाकलेला चिखल नांगराला चांगली पकड देतो. आडोसा आणि चिखल या दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळणे हे कोकणचे भाग्य. विजयदुर्गच्या खाडीबद्दल एकोणिसाव्या शतकातील रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये म्हटले आहे की, मुखाशी वाळूचा दांडा नसल्याने तेथे कोणत्याही हवेत शिरता येते आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांतही मोठ्या जहाजांना सुरक्षित आसरा मिळतो. आंग्र्यांच्या आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे तेथे होते, त्यामागे किल्ल्याच्या तटाइतकाच या पाण्याचाही वाटा होता.

तरीसुद्धा मराठी आरमाराने केवळ जागेवर भिस्त ठेवली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्र’ या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार छावणीला आणावे, आणि ती छावणी उघड्या बंदरात न करता किल्ल्याच्या आश्रयाच्या जागी करावी, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. ‘आधीच’ हा शब्द येथे मोलाचा आहे. वादळ दिसल्यावर आडोसा शोधायचा नाही. वादळ येणार हे पंचांगावरून ठाऊक असते, म्हणून आधीच आडोशाला बसायचे. कोळी बांधवांचा नियमही तोच. मृगाच्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटायच्या. जून-जुलैमध्ये उघड्या समुद्रावर तीन-चार मीटर उंचीच्या लाटा दिवसेंदिवस उसळत असतात. त्या काळात उघड्यावर नांगर टाकून राहण्याची चूक करण्याची संधीच या रूढीने ठेवली नाही.

आडोसा नसला तर काय होते, हे पूर्व किनाऱ्यावर दिसले. मद्रासला तेव्हा बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रातच नांगरत. १७४६ च्या सप्टेंबरात ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीने मद्रास जिंकले, पण ऑक्टोबरच्या मध्यावर आलेल्या वादळाने त्याच्या नांगरलेल्या आरमाराची दाणादाण उडवली आणि अनेक जहाजे बुडाली. १७६१ च्या १ जानेवारीला पुदुच्चेरीसमोर वेढा घालून बसलेल्या इंग्रज जहाजांवरही हीच पाळी आली. अशा किनाऱ्यावर वादळाची चिन्हे दिसताच नांगर उचलून, वेळ नसेल तर दोर तोडून, खोल समुद्रात निघून जाणे हाच शहाणपणाचा मार्ग असे. जमीन जवळ असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

ओढ कोणत्या दिशेने?

आता थोडे गणित. शेतकरी नांगरताना काय करतो ते आठवा. बैलांची ओढ जमिनीला जवळजवळ समांतर असेल तर फाळ मातीत राहतो. ओढ वरच्या दिशेने झाली की फाळ उचलला जाऊन बाहेर येतो. समुद्रातल्या नांगराचेही अगदी तसेच आहे. होडी पाण्याच्या वर, नांगर तळाशी. म्हणजे दोर तिरपाच असणार. दोर आखूड असेल तर तो नांगराला वर उचलतो. दोर लांब सोडला तर ओढ अधिकाधिक आडवी होते.

दोराऐवजी लोखंडी साखळी असली तर आणखी एक फायदा होतो. साखळी स्वतःच्या वजनाने झोल घेते आणि तिचा नांगराकडचा भाग तळावर पडून राहतो. मग नांगराला बसणारी ओढ पूर्णपणे आडवी असते. साखळीच्या या झोलाच्या वक्राला गणितात ‘कॅटेनरी’ म्हणतात. हा वक्र अन्वस्त नव्हे, आणि त्याचे खरे समीकरण १६९१ साली लायब्नित्स, हायगेन्स आणि योहान बर्नुली या तिघांनी दिले. त्यावरून एक सोपे सूत्र निघते. नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) तळापर्यंतची खोली ‘ख’, आडवी ओढ ‘ओ’ आणि साखळीच्या एक मीटर लांबीचे पाण्यातील वजन ‘व’ असेल, तर तळावरून उचलल्या जाणाऱ्या साखळीची लांबी ‘ल’ अशी मिळते :

ल² = ख² + (२ × ख × ओ ÷ व)

एक उदाहरण घेऊ. होडीचा वाऱ्यासमोर येणारा भाग १० चौरस मीटर, खोली ६ मीटर, आणि साखळी १० मिलिमीटर जाडीची. तिचे पाण्यातील वजन मीटरला सुमारे १.९ किलोग्रॅम. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सेकंदाला १० मीटर (ताशी ३६ किलोमीटर) असताना ओढ सुमारे ६१ किलोग्रॅम भार इतकी होते आणि साखळी लागते सुमारे २० मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की ओढ चौपट, २४५ किलोग्रॅम भार, आणि साखळी ४० मीटर. वेग तिप्पट, ताशी १०८ किलोमीटर झाला की ओढ नऊपट, ५५१ किलोग्रॅम भार, आणि साखळी ५९ मीटर.

शिडाच्या होडीतून फिरणारे लोक तोंडी नियम सांगतात : साध्या हवेत खोलीच्या तिप्पट साखळी सोडा, वारा वाढला तर सातपट, वादळात दहापट. आपली उत्तरे खोलीच्या सुमारे साडेतीन, साडेसहा आणि दहा पट आली आहेत. अनुभवाने बसवलेला नियम आणि समीकरण यांचा मेळ किती छान बसतो पाहा!

या हिशेबात खोली भरतीच्या वेळची धरावी लागते. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो; मालवणकडे तो बराच कमी असतो. ओहोटीला ६ मीटर असलेली खोली भरतीला १० मीटर झाली, तर ताशी ७२ किलोमीटर वाऱ्यात ४० ऐवजी ५२ मीटर साखळी हवी. संध्याकाळी घट्ट बसलेला नांगर मध्यरात्री निसटतो, त्याचे एक कारण हे.

काथ्या, साखळी आणि धक्के

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सॅम्युएल ब्राउन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या प्रयत्नांनी जहाजांवर लोखंडी साखळ्या आल्या. त्यापूर्वी सारा भार दोरावर असे. युरोपातील जहाजे तागाच्या जातीच्या वनस्पतींचे दोर वापरत, तर आपल्याकडची गलबते नारळाच्या काथ्याचे. काथ्या ताकदीने कमी असला तरी खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि ताणला तर चांगला लांबतो. या दुसऱ्या गुणामुळे हिंदी समुद्रातील इंग्रज कप्तानही नांगरासाठी काथ्याच्या दोराची तारीफ करत.

याचे कारण असे. वाऱ्याची ओढ साधारण स्थिर असते. लाट मात्र होडीला उचलून हिसका देते. जोराच्या वादळात साखळीचा झोल जवळजवळ संपतो आणि ती सरळ ताणली जाते. मग प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो. तेव्हा ताणला जाणारा दोर ती ऊर्जा सामावून घेतो. आज शिडाच्या होडीवर नांगराजवळ साखळी आणि होडीजवळ नायलॉनचा दोर असा जोड देतात. नायलॉन येथे काथ्याचेच काम करतो, एवढेच.

टेलर यांचा फाळ

आता त्या शास्त्रज्ञाकडे वळू. जेफ्री इन्ग्रॅम टेलर हे विसाव्या शतकातील द्रव-वायूंच्या गतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांची आई ही बीजगणितज्ञ जॉर्ज बूल यांची मुलगी, आणि आजी ही ज्यांच्या नावाने एव्हरेस्ट शिखर ओळखले जाते त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. टेलर यांची सुरुवातीची कामगिरी हवामानशास्त्रातील होती, आणि शिडाच्या होडीतून दूरदूर फिरणे हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. लहान होडीवर जड नांगर बाळगणे किती त्रासाचे असते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांनाही हलका पण पक्की पकड घेणारा नांगर हवा होता.

जुन्या नांगराचा एक दात मातीत जाई आणि दुसरा वर उभा राही. होडी फिरली की साखळी त्या उभ्या दाताला गुंडाळली जाण्याची भीती असे. टेलर यांनी दोन फाळ पाठीला पाठ लावून जोडल्यासारखा आकार घेतला आणि तो दांड्याला बिजागरीने जोडला. ओढ बसली की फाळ एका कुशीवरून सरळ होत तळात शिरतो आणि ओढ वाढेल तसा खोल जातो. होडीने दिशा बदलली तर दांडा बिजागरीवर वळतो, फाळ उपटला जात नाही. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ तो थोपवू शके. या नांगराचे नाव सी-क्यू-आर. ही तीन अक्षरे इंग्रजीत भरभर उच्चारली की ‘सिक्युअर’, म्हणजे ‘सुरक्षित’, असे ऐकू येते. मराठी माणसाला त्याचे नाव शोधावे लागले नसते. तो नांगराच्या आकाराचा नांगर!

विज्ञान असूनही

इतके सारे कळल्यावर नांगरलेली जहाजे वादळात सुरक्षित झाली का? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी रत्नागिरीजवळ नांगरलेल्या ‘बसरा स्टार’ या जहाजाला नांगर धरून ठेवू शकला नाही आणि ते मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन चढले. सुदैवाने खलाशी वाचले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाने याहून भयंकर प्रसंग आणला. देवगडच्या आनंदवाडी बंदरात आसऱ्याला नांगरलेल्या नौका बुडून प्राणहानी झाली. मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगरलेला होता. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. त्याच्यावर २६१ माणसे होती. १७ मे रोजी त्याचे नांगर एकामागून एक निकामी झाले, तो वाहत जाऊन तेलविहिरीच्या फलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. इतरांना प्राण गमवावे लागले.

त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. आमच्या उदाहरणातील शेवटची पायरी ती हीच. उघड्या समुद्रात वारा याहून जोराचा, आणि लाटांचे हिसके वेगळेच. वादळाची सूचना हवामान खात्याने काही दिवस आधीपासून दिलेली होती आणि बऱ्याच नौका बंदरात परतल्या होत्या. आपल्या बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे धोक्याचे बावटे लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून विकसित होत आली, ती याचसाठी. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी कोकणातील प्रत्येक तांडेलाला कळते. पण बावटा दोर लांबवत नाही की तळाचा खडक मऊ करत नाही. तो फक्त वेळ देतो. त्या वेळात आडोशाला पोहोचायचे की नाही, हे माणसांनी ठरवायचे असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, त्यामुळे ‘आजवर नांगराने धरले, उद्याही धरील’ हा हिशेब वादळात चालत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे

आम्ही कोथरूडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर केलेला प्रयोग शाळेतही सहज होईल. हार्डवेअरच्या दुकानातून तीन मीटर पातळ लोखंडी साखळी आणावी. तिचे एक टोक दाराच्या तळाशी पक्के बांधावे. दुसरे टोक तानकाट्याला अडकवून जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर आडवे ओढावे. साखळीची कोणती कडी जमिनीवरून शेवटची उचलली गेली, तेथे खडूने खूण करावी. मग ओढ चौपट करावी. उचललेली लांबी चौपट न होता सुमारे दुप्पट होते, हे मुलांना स्वतः मोजू द्यावे. साखळीचे वजन करून सूत्राशी ताळा पाहावा.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. पसरट घमेल्यात ओली वाळू दाबून भरावी, बागकामाचे खुरपे तिच्यात रोवावे आणि दोरीने आधी आडवे, मग तिरपे वर ओढावे. दोन्ही वेळा तानकाट्यावरचे आकडे लिहून ठेवावेत. शेतकऱ्यांच्या घरची मुले वर्गात असतील तर नांगराच्या ओढीबद्दल बोलायला त्यांनाच पुढे बोलवावे. आणि शाळा कोकणात असेल तर एखाद्या वयस्क तांडेलाला वर्गात आणून विचारावे : आपल्या खाडीत कोणत्या वाऱ्याला कोठे नांगर टाकता, आणि का? मिळालेली उत्तरे खाडीच्या नकाशावर मांडली, तर त्या खाडीचा तळ आणि आडोसा मुलांना कागदावर दिसेल.